निवृत्ती मोडणारे पैलवान: शेवटचा सामना नक्की कोणाच्या मालकीचा?

कोपऱ्यातला_खांब (धागालेखक)

व्यावसायिक कुस्तीत, म्हणजे आपल्याकडे सरसकट 'डब्ल्यूडब्ल्यूई' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात, निकाल आधीच ठरलेले असतात हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. वैर रचलेले असते, मैत्री रचलेली असते, विजेतेपदाचा पट्टा कोणाच्या कमरेला जायचा हेही लिहून ठेवलेले असते. तरीही निवृत्तीच्या रात्री प्रेक्षक खरोखर रडतात, कारण हा माणूस उद्यापासून येथे दिसणार नाही, एवढी एक गोष्ट तरी खरी आहे असे त्यांनी धरलेले असते. त्यामुळे निवृत्ती मोडणाऱ्या पैलवानाविषयीची नाराजी क्रिकेटपटूच्या किंवा मुष्टियोद्ध्याच्या पुनरागमनाविषयीच्या नाराजीहून वेगळ्या जातीची असते, असे माझे मत आहे. त्यावर सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा.

सर्वांत ठळक उदाहरण अर्थातच रिक फ्लेअरचे. २००७ च्या नोव्हेंबरात त्याच्यासाठी कथानक रचले गेले की, यापुढे तो जो सामना हरेल तो त्याचा अखेरचा सामना ठरेल. ३० मार्च २००८ रोजी ऑर्लँडोच्या सिट्रस बोल मैदानावर, चोविसाव्या रेसलमेनियात (डब्ल्यूडब्ल्यूईच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमात), शॉन मायकल्सने त्याला हरवले. शेवटची लाथ मारण्यापूर्वी मायकल्स 'मला माफ कर, माझे तुझ्यावर प्रेम आहे' असे पुटपुटला, ते ओठांच्या हालचालींवरून जगभर वाचले गेले. आदल्या रात्री फ्लेअरचा हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला होता आणि दुसऱ्या रात्री साप्ताहिक कार्यक्रमात त्याचे जुने सहकारी व प्रतिस्पर्धी एकेक करून त्याला निरोप द्यायला आले होते. या धंद्यात याहून मोठा निरोप तोवर कोणाला मिळाला नव्हता.

दोन वर्षेही उलटली नाहीत, तोच २००९ च्या नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर फ्लेअर हल्क होगनशी लढत होता. २०१० पासून तो टीएनए या दुसऱ्या कंपनीत दिसू लागला आणि २०११ पर्यंत तेथे सामने खेळत राहिला. त्यानंतर ३१ जुलै २०२२ रोजी, वयाच्या ७३ व्या वर्षी, नॅशव्हिलमध्ये 'रिक फ्लेअरचा अखेरचा सामना' याच नावाने स्वतंत्र कार्यक्रम भरवण्यात आला. २०१७ मध्ये हा माणूस रुग्णालयात मृत्यूच्या दारातून परत आला होता आणि त्याच्या छातीत पेसमेकर होता. सामन्याच्या उत्तरार्धात तो रक्तबंबाळ होऊन पाठीवर निपचित पडलेला पाहताना हे नाटक आहे की नाही, हे कोणालाच समजत नव्हते. आपली शुद्ध हरपली होती, असे नंतर त्याने स्वतःच सांगितले.

फ्लेअरने स्वतःचे नाव घालवले, एवढेच म्हणून मी थांबणार नाही, कारण नाव त्याचे आहे आणि ते उधळण्याचा हक्कही त्याचाच आहे. २००८ चा तो शेवट मात्र त्याच्या एकट्याचा नव्हता. स्वतःच्या आदर्शाला संपवणे आपल्याला भाग पडले, हे मायकल्सने त्या सामन्यात जे उभे केले तेही त्या शेवटावरच टेकलेले होते. फ्लेअरने होगनसमोर बूट चढवले त्या दिवशी मायकल्सच्या त्या कामगिरीतला आधारच निघून गेला. माझा प्रश्न हा आहे: शेवटचा सामना नक्की कोणाच्या मालकीचा असतो?

---

निशाचर

उत्तम धागा. त्याच मैदानाचा दुसरा निरोप येथे जोडतो. २ एप्रिल २०१७ रोजी ऑर्लँडोच्याच त्या मैदानावर (नाव तेवढे बदलले होते) अंडरटेकर रोमन रेन्सकडून हरला. त्यानंतर त्याने हातमोजे, कोट आणि टोपी रिंगच्या मधोमध ठेवली आणि तो निघून गेला. १९९० च्या सर्व्हायव्हर सिरीजपासून चाललेल्या पात्राचा इतका नेमका शेवट कोणत्याही लेखकाला सुचला नसता. ज्या पिढीने केबलवर त्याला पाहिले, पत्त्यांच्या खेळात त्याचे कार्ड हातचे जाऊ नये म्हणून भांडणे केली आणि त्याला सात जन्म आहेत अशा अफवा शाळेच्या बसमध्ये पसरवल्या, त्या पिढीसाठी तो विषय तेथे संपला होता.

पुढच्याच वर्षी तो परतला. चौतिसाव्या रेसलमेनियात जॉन सीनाला त्याने तीन मिनिटांच्या आत हरवले, नंतर जेद्दाहमध्ये रुसेव्हविरुद्ध शवपेटीचा सामना, मेलबर्नमध्ये ट्रिपल एचविरुद्ध सामना, आणि २ नोव्हेंबर २०१८ रोजी रियाधमध्ये ती कुप्रसिद्ध जोडीची लढत. सन २०१७ ची ती टोपी आता पाहिली की हसू येते, हे लिहितानाही वाईट वाटते.

---

हिशेबनीस

धागालेखकांनी भावनेची बाजू चांगली मांडली आहे, परंतु पैशाची बाजू एका ओळीतही आलेली नाही.

अमेरिकेतील मोठ्या कुस्ती कंपन्या आपल्या पैलवानांना कर्मचारी मानत नाहीत. कागदोपत्री ते स्वतंत्र कंत्राटदार असतात. त्यामुळे चित्रपट-दूरचित्रवाणी क्षेत्रातील कलाकारांप्रमाणे त्यांची संघटना नाही, निवृत्तिवेतन नाही, आणि नोकरीसोबत येणारा आरोग्यविमाही नाही. ज्याने वर्षाकाठी दोनशेहून अधिक रात्री रस्त्यावर आणि रिंगमध्ये काढल्या, त्याच्या हाती पन्नाशीनंतर विकण्याजोगे स्वतःच्या नावाशिवाय काहीच उरत नाही. फ्लेअरचे अनेक घटस्फोट आणि देणी यांविषयी अमेरिकन नियतकालिकांत उघडपणे छापून आलेले आहे. अशा माणसाला 'आमच्या आठवणी जपण्यासाठी घरी बसा' असे सांगणे सोपे आहे, कारण त्या आठवणींचे भाडे आपण त्याला देत नाही.

उलट, जे निवृत्तीवर ठाम राहिले ते कोण, हेही पाहावे. २०१९ मध्ये निवृत्त झालेला बटिस्टा परत आला नाही, पण त्याच्यापाशी चित्रपटांचे भरभक्कम काम होते. ट्रिपल एचने २०२१ मधील हृदयविकारानंतर पुढल्या वर्षी बूट रिंगमध्ये ठेवले आणि ते तेथेच राहिले, पण त्याच्यापाशी कंपनीतील उच्चपद होते. शब्द पाळण्यासाठी दुसरे उत्पन्न लागते.

---

टोकियोकर

कामानिमित्त जपानमध्ये राहत असल्याने तेथील बाजू मांडतो, कारण निवृत्तीच्या समारंभाला जपानी कुस्तीत जितके वजन आहे तितके अमेरिकेत कधीच नव्हते. पैलवान रिंगच्या मधोमध उभा राहतो, सभागृहातले दिवे मंद होतात, घंटेचे दहा ठोके दिले जातात, शेवटच्या वेळी त्याचे नाव पुकारले जाते आणि रंगीत कागदी फितींनी रिंग भरून जाते. ४ एप्रिल १९९८ रोजी टोकियो डोममध्ये अंतोनियो इनोकीला असाच निरोप दिला गेला, आणि १९७६ मध्ये ज्याच्याशी त्याची ती विचित्र लढत झाली होती तो मुहम्मद अली त्या रात्री हजर होता. इनोकीने नंतर राजकारण केले, कंपन्या चालवल्या, वाद ओढवून घेतले, पण तो दहा ठोक्यांचा मान त्याने राखला. अलीकडे जुशिन थंडर लायगर २०२० मध्ये आणि केजी मुतो २०२३ मध्ये निवृत्त झाले. मुतोने तर त्या रात्री तेत्सुया नाइतोकडून हरल्यावर समालोचनाला बसलेल्या मासाहिरो चोनो या जुन्या साथीदाराला ऐनवेळी रिंगमध्ये बोलावले आणि त्याच्याकडूनही हार पत्करली.

आणि तेथेच अत्सुशी ओनिताही आहे. गुडघ्याच्या गंभीर दुखापतीमुळे १९८५ मध्ये तो प्रथम निवृत्त झाला. १९८९ मध्ये त्याने एफएमडब्ल्यू ही स्वतःची कंपनी काढली, काटेरी तारा आणि स्फोटके लावलेल्या रिंगमधील सामन्यांनी ती गाजवली, आणि ५ मे १९९५ रोजी कावासाकीच्या मैदानावर हायाबुसा या तरुण पैलवानासोबतचा सामना हा आपला अखेरचा सामना म्हणून जाहीर केला. ज्याच्या हाती कंपनी सोपवायची त्याच्याबरोबरच शेवटची झुंज, ही कल्पना अप्रतिम होती. १९९६ संपण्यापूर्वी तो परतला आणि पुन्हा झोत स्वतःवर घेऊन बसला. पुढे तो संसदेच्या वरिष्ठ सभागृहात निवडून गेला, तरीही कुस्ती सुटली नाही. त्यानंतर त्याच्या निवृत्त्या इतक्या झाल्या की चाहते त्या आकड्यांनी ओळखू लागले, आणि सातव्या निवृत्तीलाही लोकांनी तिकिटे काढली. हिशेबनीस यांचा मुद्दा येथे लागू पडत नाही. ज्याच्यापाशी खासदारकी होती त्याला कुस्तीवाचून पोट भरता येत नव्हते, असे कोण म्हणेल?

---

आडवाप्रश्न

मला धागालेखकांचे गृहीतकच मान्य नाही. शॉन मायकल्स स्वतः निवृत्ती मोडून आलेला पैलवान होता, हे त्यांनी सोयीने गाळलेले दिसते. पाठीच्या दुखापतीमुळे मार्च १९९८ मधील रेसलमेनियानंतर त्याची कारकीर्द संपली असे सर्वांनी मानले होते. चार वर्षांहून अधिक काळाने, ऑगस्ट २००२ मधील समरस्लॅममध्ये, तो ट्रिपल एचविरुद्ध उतरला, आणि पुढील आठ वर्षांत त्याने जे काम केले ते पहिल्या कारकिर्दीहून सरस आहे असे मानणारे पुष्कळ आहेत. तो घरी बसला असता तर २००८ चा फ्लेअरचा निरोप घडलाच नसता, आणि २००९ व २०१० मधले अंडरटेकरविरुद्धचे सामनेही नाहीत.

टेरी फंकचे काय? १९८३ मध्ये टोकियोच्या रिंगमध्ये 'फॉरएव्हर' असे ओरडत त्याने निरोप घेतला, प्रेक्षक ओक्साबोक्शी रडले, आणि वर्षभरात तो परतला. १९९७ मध्ये आपल्या गावी, अमारिलोला, ब्रेट हार्टविरुद्ध पुन्हा 'अखेरचा' सामना झाला आणि तोही अखेरचा ठरला नाही. पण त्याच १९९७ च्या एप्रिलमध्ये, पन्नाशी ओलांडलेल्या फंकने ईसीडब्ल्यूचा पट्टा जिंकला, तेव्हा त्या लहान कंपनीचा पहिलाच मोठा कार्यक्रम त्याच्या खांद्यावर उभा होता. २०२३ मध्ये तो गेला तेव्हा त्याला लबाड म्हणणारा एकही चाहता मला भेटला नाही. मिक फोली तर २००० च्या फेब्रुवारीत निवृत्त झाला आणि एप्रिलमधील रेसलमेनियाच्या मुख्य सामन्यात हजर होता! त्याचे नाव बुडाले का? २००४ मध्ये त्याने रँडी ऑर्टनला ज्या लढतीत मोठे केले, ती त्या वर्षातील उत्कृष्ट लढतींपैकी मानली जाते.

---

कोपऱ्यातला_खांब (धागालेखक)

आडवाप्रश्न, आपली उदाहरणे चोख आहेत. त्यांच्यामुळे माझा मुद्दा सुटत नसून अधिक नेमका होतो, असे मला वाटते.

मायकल्सची १९९८ ची निवृत्ती शरीराने लादलेली होती. ती कथा म्हणून कोणाला विकली गेली नव्हती. वैद्यकीय कारणाने थांबलेला माणूस बरा होऊन परतला तर त्याने कोणाचा शब्द मोडला? २०११ मध्ये मानेमुळे थांबलेला आणि २०२० च्या रॉयल रंबलमध्ये परतलेला एज, किंवा २०१६ मध्ये अश्रूंनी निरोप घेऊन २०१८ मध्ये डॉक्टरांच्या परवानगीने परतलेला डॅनियल ब्रायन, हे सगळे याच रांगेत बसतात. याउलट मायकल्सची २०१० ची निवृत्ती ही करारासारखी होती: हरला तर कारकीर्द संपली, ही अट प्रेक्षकांसमोर जाहीर करून त्यावर तिकिटे विकली होती. ती त्याने आठ वर्षे पाळली आणि रियाधमध्ये मोडली.

आणि कशासाठी? निशाचर यांनी उल्लेख केलेल्या त्या लढतीत (मायकल्स व ट्रिपल एच विरुद्ध अंडरटेकर व केन) मायकल्स ५३ वर्षांचा, अंडरटेकरही तेवढाच, ट्रिपल एच जवळपास पन्नाशीचा, आणि केन त्या वेळी टेनेसीतील नॉक्स परगण्याचा निवडून आलेला महापौर. ट्रिपल एचच्या छातीचा स्नायू सामन्यादरम्यान फाटला आणि तशाच स्थितीत त्याने सामना पूर्ण केला. मायकल्सने दोरांवरून बाहेर झेप घेतली, तेव्हा खाली त्याला कोणी नीट झेललेच नाही. केनचा मुखवटा केसांसकट निघून आला. अर्ध्या तासाच्या आसपास चाललेल्या त्या प्रकारात एकाही तरुण पैलवानाचे भले झाले नाही, कारण रिंगमध्ये तरुण पैलवान नव्हताच. त्याच महिन्याभरात सौदी पत्रकार खशोगी यांच्या हत्येवरून जगभर गदारोळ उठला होता आणि जॉन सीना व डॅनियल ब्रायन यांनी सौदी अरेबियाला जायचे नाकारले होते, हेही लक्षात ठेवावे. म्हणजे नकार देता येत होता.

फंक आणि फोली यांना लोकांनी माफ केले, कारण परतल्यावर ते हरायला आले होते. ज्या माणसाने निवृत्ती मोडून पुढच्या पिढीला उचलून धरले, त्याने मोडलेल्या शब्दाची परतफेड केली. फ्लेअरलाही एक श्रेय द्यायला हवे: २०१० मध्ये टीएनएत त्याची हुबेहूब नक्कल करणाऱ्या जे लीथलकडून त्याने हार पत्करली, आणि त्या पुनरागमनातला तेवढा एकच भाग मी पुन्हा पाहू शकतो.

---

हाडवैद्य

व्यवसायाने अस्थिरोगतज्ज्ञ असल्याने एवढेच नोंदवतो की, या लढतींत निकाल ठरलेला असला तरी पडणे खरे असते. फळ्या आणि पातळ पॅडिंगवर सपाट पाठीने पडण्याचे कौशल्य रोजच्या सरावावर टिकते. वर्षातून दोनदा उतरणाऱ्या पन्नाशीच्या माणसाकडे ताकद शिल्लक असू शकते, पण वेळेचा अंदाज राहत नाही, आणि येथे दुसऱ्याची मान आपल्या हातात असते.

७ जून २०१९ रोजी जेद्दाहमधला गोल्डबर्ग आणि अंडरटेकर यांचा सामना ज्यांनी पाहिला असेल, त्यांना वेगळे सांगायला नको. गोल्डबर्गचे डोके खांबावर आपटून फुटले आणि त्याच भोवंडलेल्या अवस्थेत त्याने अंडरटेकरला उलटे उचलून आपटण्याचा प्रयत्न केला. अंडरटेकर डोक्यावर पडता पडता वाचला. काही अंशांचा फरक झाला असता तर आपण येथे वारशाविषयी बोलत नसतो. गोल्डबर्गने नंतर निराश झालेल्या चाहत्यांची जाहीर माफी मागितली. मला विचाराल तर माफी त्याला रिंगमध्ये उतरवणाऱ्यांनी मागायला हवी होती.

---

निशाचर

गोल्डबर्गचे निघालेच आहे तर आणखी एक. २०१६ मध्ये बारा वर्षांनंतर परतून त्याने ब्रॉक लेस्नरला ८६ सेकंदांत हरवले, तोवर सगळे ठीक होते. ती गंमत होती आणि सर्वांनी ती उपभोगली. पण मार्च २०१७ मध्ये केव्हिन ओवेन्सकडून २२ सेकंदांत पट्टा, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये रियाधला ब्रे वायटच्या 'फीन्ड' या पात्राचा तीनेक मिनिटांत निकाल! कित्येक महिने खपून उभे केलेले पात्र त्या रात्री असे खाली आले की पुढे ते पूर्वीच्या उंचीवर कधी गेलेच नाही. यात गोल्डबर्गच्या वारशापेक्षा वायटचे नुकसान मोठे होते.

---

जुनाजाणता

आपल्या मातीतले एक नाव कोणीच घेतले नाही, म्हणून लिहितो. मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर फ्रीस्टाइल कुस्त्यांना गर्दी लोटत असे, त्या काळचा नायक दारासिंग. तोही याच प्रकारातला पैलवान होता, तालमीच्या निकाली कुस्तीतला नव्हे, हे नव्या वाचकांसाठी सांगतो. १९८३ मध्ये दिल्लीत अखेरची स्पर्धा घेऊन तो थांबला आणि मग थांबलेलाच राहिला. चित्रपट आणि दूरचित्रवाणीने त्याला दुसरे आयुष्य दिले; पुढच्या पिढीने त्याला हनुमान म्हणून ओळखले, पैलवान म्हणून नाही. हिशेबनीस यांच्या दुसऱ्या उत्पन्नाच्या सिद्धांताला हे उदाहरण बळ देते, हे मान्य करावे लागेल.

---

आडवाप्रश्न

धागालेखकांचा निकष मला बराचसा पटला, पण स्टिंग त्यात कोठे बसवणार? सप्टेंबर २०१५ मध्ये सेथ रोलिन्सविरुद्ध मानेला दुखापत झाली आणि २०१६ मध्ये हॉल ऑफ फेमच्या व्यासपीठावरून त्याने निवृत्ती जाहीर केली. २०२० च्या डिसेंबरात तो एईडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीत आला, आणि ३ मार्च २०२४ रोजी ग्रीन्सबरोमध्ये, वयाच्या ६४ व्या वर्षी, डार्बी ॲलिनसोबत जोडीचा पट्टा राखून जिंकूनच निघून गेला. त्याच ग्रीन्सबरोमध्ये १९८८ साली फ्लेअरशी ४५ मिनिटे बरोबरीत लढून तो मोठा झाला होता. तुमच्या नियमाप्रमाणे त्याने हरायला हवे होते. तरीही हा निरोप अलीकडच्या काळातला सर्वांत नेटका मानला जातो.

---

कोपऱ्यातला_खांब (धागालेखक)

स्टिंगने पट्टा नेला नाही; जिंकल्यावर तो रिकामा झाला. शिवाय त्या तीन वर्षांत त्याने एकट्याने लढायचे टाळले, जोडीत राहून ॲलिनला मोठ्या सामन्यांत स्थान मिळवून दिले, आणि वयाला झेपेल एवढेच काम अंगावर घेतले. अंडरटेकरलाही अखेर हेच उमगले असावे. २०२० मध्ये एजे स्टाइल्सविरुद्धचा त्याचा सामना स्मशानासारख्या सजवलेल्या जागेत, चित्रपटासारखा तुकड्यातुकड्याने चित्रित केला गेला, आणि सौदीतल्या आठवणींवर तेवढे तरी औषध मिळाले. स्टीव्ह ऑस्टिनने २०२२ मध्ये एकोणीस वर्षांनंतर टेक्सासात एकच सामना खेळला आणि लगेच परत गेला, तेही मला चालते.

नॅशव्हिलचे एक दृश्य मात्र डोक्यातून जात नाही. फ्लेअर निपचित पडला होता तेव्हा पहिल्या रांगेत अंडरटेकर, मिक फोली आणि ब्रेट हार्ट बसले होते. त्यांपैकी दोघांनी स्वतः निवृत्त्या मोडल्या होत्या आणि तिसऱ्याने फंकच्या, अखेरचा न ठरलेल्या 'अखेरच्या' सामन्यात त्याला साथ दिली होती. त्यांना तेव्हा काय वाटत होते, हे मला विचारायला आवडेल.

---

हिशेबनीस

मग आता जॉन सीनाविषयी बोलू. त्याने वर्षभर आधी घोषणा केली, २०२५ हे संपूर्ण वर्ष निरोपाचे म्हणून विकले, एप्रिलमध्ये सतरावा जागतिक किताबही घेतला आणि १३ डिसेंबरला वॉशिंग्टनमध्ये गुंथरसमोर हार मानून बाहेर पडला. कधीही हार मानू नका, हे ज्याचे ब्रीदवाक्य होते त्याने हात आपटून हार मानली. त्याच्यापाशी चित्रपट आहेत, पैसाही आहे. माझ्या सिद्धांताप्रमाणे तो परत येणार नाही. पण मोठ्या रकमेचा सौदी प्रस्ताव आला तर?

---

कोपऱ्यातला_खांब (धागालेखक)

तर तो गुंथरचा प्रश्न आहे. जुलैत गोल्डबर्गला आणि डिसेंबरात सीनाला रिंगबाहेर काढणारा पैलवान म्हणून त्या ऑस्ट्रियन माणसाची ओळख उभी राहिली आहे, आणि पुढची दहा वर्षे कंपनी ती ओळख वापरू शकते. सीना परतला तर ती निम्म्याने कमी होईल, मग सामना कितीही चांगला होवो. सौदीतून कितीही मोठा प्रस्ताव आला तरी सीनाने त्याला नकार द्यावा. २०१८ मध्ये एकदा त्याने दिलाच होता.